"इथे करप्शन नाही" म्हणणाऱ्या माझ्या सगळ्या माणसांना

आज दुपारी मैत्रिणीकडे सत्यनारायण होता. पुण्याहून तिचे दीर आणि जाऊबाई आल्यात, अमेरिकेत पहिल्यांदाच. प्रसादाचा शिरा खाता खाता भाऊजी म्हणाले, "काही म्हणा, इथे करप्शन नाही. लायसन्स काढायला गेलात तेव्हा कुणाला दमडी तरी द्यावी लागली का?" आणि आजूबाजूला बसलेले, वीस-वीस वर्षं ओहायोत काढलेले आपले लोक माना डोलवायला लागले. "ते मात्र खरं हं!" पूजेच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसले. घरी आले, भांडी लावली, उद्याचे डबे भरले, तरी डोक्यातून जाईना. साडेअकरा वाजलेत आणि मी लिहायला बसलेय.

लायसन्सच्या खिडकीवर पैसे मागत नाहीत, कबूल. पण ज्यांना खायचंय ते खिडकीशी बसतातच कुठे? ते विधिमंडळात बसतात. आणि त्यांना किती द्यायचे हे आपल्यासारख्यांना कुणी विचारत नाही, परस्पर आपल्या विजेच्या बिलातून घेतात.

माझी गोष्ट सांगते. काही जणांना मी ती आधी सांगितलीय, पुन्हा ऐका.

2018 साली मी सिटिझन झाले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या लायब्ररीच्या दाराबाहेर एक सत्तरीच्या बाई घडीचं टेबल मांडून उभ्या होत्या. वारा इतका होता की कागद उडू नयेत म्हणून त्यांनी क्लिपबोर्डवर थर्मास ठेवला होता. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "तुम्ही नोंदणीकृत मतदार आहात का?" तेवढ्या प्रश्नानेच माझी मान ताठ झाली. हो म्हटलं. त्यांनी पेन पुढे केलं. वीज कंपनीला पैसे देणारा कायदा आलाय, तो रद्द करायचा की नाही हे जनतेच्या मताला टाकायचं, त्यासाठी सह्या हव्यात, असं सांगत होत्या.

मी सही केली नाही.

त्याच आठवड्यात टपालपेटीत एक गुळगुळीत पत्रक आलं होतं. चीन आपली वीज ताब्यात घेतोय, सह्या गोळा करणाऱ्यांपासून सावध राहा. टीव्हीवरही तेच चालू होतं. मी नवीन सिटिझन, कशाला नसत्या भानगडीत पडा, असं मनात आलं. "मुलगा गाडीत थांबलाय," असं खोटं सांगून मी सटकले. बाईंनी शांतपणे पेनाला टोपण लावलं.

आता त्या कायद्याची हकीकत ऐका. हाउस बिल 6. जुलै 2019 मध्ये गव्हर्नरांची सही झाली. डेव्हिस-बेसी आणि पेरी या दोन अणुवीज केंद्रांसाठी सुमारे 1.3 अब्ज डॉलर आणि जोडीला दोन जुन्या कोळसा केंद्रांना मदत, सगळं ग्राहकांच्या बिलातून. त्या दोन कोळसा केंद्रांपैकी एक तर ओहायोत नाहीच, शेजारच्या इंडियानात आहे! कायदा रेटला तो ओहायो हाउसचे, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे, स्पीकर लॅरी हाउसहोल्डर यांनी. 2020 च्या जुलैमध्ये एफबीआयने त्यांना अटक केली तेव्हा कळलं की फर्स्टएनर्जी ही वीज कंपनी आणि तिच्या उपकंपनीकडून सुमारे 6 कोटी डॉलर 'जनरेशन नाऊ' नावाच्या संस्थेत गेले होते. ही संस्था कागदोपत्री समाजकल्याणाची, देणगीदार जाहीर करायचं बंधन नाही. त्या पैशातून हाउसहोल्डर यांनी 2018 मध्ये आपल्या गोटातले उमेदवार निवडून आणले, त्यांच्या मतांवर स्पीकरपद मिळवलं, मग कायदा आणला, आणि तो रद्द होऊ नये म्हणून सह्यांची मोहीम मोडायला पुन्हा कोट्यवधी डॉलर ओतले. थोडेथोडके नाहीत, पाच लाखांवर डॉलर त्यांच्या स्वतःच्या खर्चात गेले, फ्लोरिडातलं घर आणि क्रेडिट कार्डाची देणी धरून.

सह्या हव्या होत्या 2,65,774. जमल्या 2,21,092. मोहीम पडली.

त्या न पडलेल्या सह्यांत एक माझी आहे. ऑक्टोबर आला की मला हे आठवतं.

तुम्ही म्हणाल, अगं पण पकडले ना? वीस वर्षांची शिक्षा झाली ना? झाली, जून 2023 मध्ये. फर्स्टएनर्जीनेही 2021 मध्ये कबुली दिली आणि 23 कोटी डॉलर दंड मान्य केला. मानते. भारतात आपल्याकडे स्पीकरला असा तुरुंग कधी झाला असता का, हेही मनात येतं. पण आरोपपत्र डोक्यावर असताना हेच गृहस्थ नोव्हेंबर 2020 मध्ये पुन्हा निवडून आले होते. अणुकेंद्रांचा भाग 2021 मध्ये रद्द झाला, तरी कोळशाचा भार बिलांतून चालूच राहिला. आमची वीज कंपनी वेगळी, तरी आम्हालाही तो होता, कारण अख्ख्या राज्याला होता. घरगुती ग्राहकाला महिन्याला जास्तीत जास्त दीड डॉलर. ऑगस्ट 2025 पर्यंत! लाच घेऊन केलेला कायदा हे कोर्टात सिद्ध झाल्यावरसुद्धा दोन वर्षं. भाऊजी, लायसन्सला दमडी लागली नाही खरी, ही लागली. घराघरातून लागली.

आणि पकडले गेले ते हावरटपणा केला म्हणून. देवाणघेवाण बोलून दाखवली, टेपवर सापडली, पैसा घरी नेला. जे तोंड मिटून करतात त्यांचं काय? त्यांचं सगळं कायदेशीर आहे. संताप याचाच येतो.

21 जानेवारी 2010 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सिटिझन्स युनायटेडच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की कंपन्या आणि युनियन निवडणुकीत हवा तेवढा खर्च करू शकतात, फक्त उमेदवाराशी संगनमत नको. त्यातून सुपर पॅक आले, म्हणजे उमेदवाराच्या बाहेरून अमर्याद पैसा गोळा करून प्रचारावर ओतणाऱ्या संस्था. तुम्ही-आम्ही 2024 मध्ये उमेदवाराला थेट दिले असते तर एका निवडणुकीला 3,300 डॉलरच्या वर देता आले नसते. आणि एकट्या इलॉन मस्क यांनी त्याच निवडणुकीत 25 कोटी डॉलरहून जास्त ओतले. मत दोघांचं एकेकच म्हणे.

पैसा ओतला म्हणजे जिंकतोच असं नाही, हे मला नवऱ्याने जेवताना ऐकवलं. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एक अब्ज डॉलरच्या आसपास उडवले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ हा चिमुकला बेटांचा प्रदेश. बरोबर आहे त्याचं. पण एवढ्या गाजावाजाच्या निवडणुकीत लोक डोळे उघडे ठेवून असतात. राज्याच्या एका विधेयकाकडे, एका सह्यांच्या मोहिमेकडे कोण बघतं? तिथे पैसा न बोलता काम करून जातो. माझ्यावर केलंच की.

लाचेचंही ऐका. इंडियानातल्या पोर्टेज गावच्या महापौरांनी ट्रकचं कंत्राट दिलं आणि नंतर त्या ट्रकवाल्यांकडून 13,000 डॉलर घेतले. 2024 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, आधी ठरवून घेतले तर लाच, काम झाल्यावर खुशीने दिले तर या केंद्रीय कायद्याखाली ती लाच नाही. याला आपण चहापाणी म्हणतो हो! सांगलीच्या कचेरीत माझ्या वडिलांच्या टेबलावर कुणी पाकीट ठेवलं तर ते बाहेर फेकायचे. आधी ठेवलंय की नंतर, हे विचारत बसायचे नाहीत.

आणि कुठल्या एका पक्षाचं म्हणून बोलत नाहीये. न्यू जर्सीचे तेव्हाचे सेनेटर बॉब मेनेंडेझ डेमोक्रॅट. घरात सोन्याच्या विटा आणि 4,80,000 डॉलरहून जास्त रोकड, त्यातली कितीतरी कोटांच्या खिशांत आणि बुटांत कोंबलेली. हे वाचून आमच्या मंडळातले काही जण हसत होते. मला हसू आलं नाही.

श्वास घेते जरा.

मला काय हवंय ते सांगते. सगळा पैसा बंद करा असं मी म्हणत नाही, तो बंद होणार नाही. माझं मागणं एवढंच: टपालपेटीत येणाऱ्या कागदावर खऱ्या देणाऱ्याचं नाव छापा. 'अमुक नागरिक समिती' वगैरे बुरखा नको, ज्याच्या खिशातून पैसा निघाला त्याचं नाव. सिटिझन्स युनायटेडचा निकाल देणाऱ्या त्याच कोर्टाने त्याच निकालात नावं जाहीर करायला लावण्याला आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली होती. म्हणजे कोर्टाची आडकाठी नाही. आडकाठी काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची. तसा कायदा सप्टेंबर 2022 मध्ये सेनेटमध्ये आला, 49-49 वर अडकला, लागत होती साठ मतं. एकाही रिपब्लिकन सेनेटरने बाजूने मत दिलं नाही. तिकडे भारतात आपल्या सुप्रीम कोर्टाने 15 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक रोखे रद्द केले, का, तर पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळायला हवं. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

दुसरं, साध्या माणसाच्या पैशाला वजन द्या. सिएटलमध्ये शहराच्या निवडणुकीत मतदारांना घरपोच 25-25 डॉलरची चार व्हाउचर येतात, हव्या त्या उमेदवाराला द्यायची. न्यूयॉर्क शहरात छोट्या देणगीवर पालिका एका डॉलरला आठ डॉलर घालते. तिथेही कुणी गडबड करत असेलच. तरी उमेदवाराला दहा धनदांडग्यांऐवजी हजार दारं वाजवावी लागतात ना! आपल्या टॅक्सच्या फॉर्मवरही राष्ट्राध्यक्षांच्या निवडणूक निधीला तीन डॉलर द्यायचा एक चौकोन असतो. कर वाढत नाही त्याने. मी दरवर्षी खूण करते. 2008 नंतर मोठ्या पक्षाच्या एकाही उमेदवाराने सार्वत्रिक निवडणुकीसाठी तो निधी घेतलेला नाही, तरी करते.

त्या पत्रकावर खरं नाव असतं तर मी दोन मिनिटं थांबले असते. ज्याला बिलातून पैसे मिळणार आहेत तोच मला चीनची भीती घालतोय, हे कळायला कॉलेजची डिग्री लागत नाही. मी पेन हातात घेतलं असतं. त्या बाईंना दिवसभरात माझ्यासारखे किती भेटले असतील, कोण जाणे. थर्मासमधला चहा तरी प्यायला मिळाला का त्यांना?

मैत्रिणीला आत्ताच मेसेज टाकलाय. शनिवारी भाऊजी आणि जाऊबाईंना घेऊन जेवायला ये, पुरणपोळी करते. जरा लवकरच या. आधी लायब्ररीपर्यंत चालत जाऊन येऊ, भाऊजींना ते दार दाखवायचंय.