आवाज वाढला, पिकअप तिथेच

डर्ट बाइक घेतलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत एक साक्षात्कार होतो: कंपनीने गाडी मुद्दाम दाबून ठेवली आहे. हे साफ खोटं असतं तर बरं झालं असतं. पण त्यात तथ्य आहे आणि तिथेच सगळी पंचाईत आहे. सायलेन्सरच्या पोटात आवाज अडवणारा बॅफल असतो, एअरबॉक्सच्या, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याच्या, तोंडावर स्नॉर्केल नावाची अरुंद नळी असते आणि कार्ब्युरेटरमध्ये जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोंडं, हात आखडून बसवलेले असतात. आवाजाचे आणि धुराचे नियम पाळायचे तर कंपनीला दुसरा इलाज नसतो. नाक दाबून धावायला लावलेल्या माणसासारखं इंजिन धापा टाकतं आणि मालक हातात पान्हा घेऊन त्याच्या मुक्तीला निघतो.

मुक्तीची सुरुवात नेहमी चुकीच्या टोकाने होते. नवा सायलेन्सर दिसतो, चमकतो, फोटोत येतो. मेन जेट हा पितळेचा एवढासा तुकडा, तो बदलला हे गाडीलाही सांगावं लागतं. त्यामुळे मालक आधी सायलेन्सर घेतो, बसवतो, किक मारतो आणि आवाज ऐकून जाहीर करतो, की गाडी आता वेगळीच पळते. माझं स्पष्ट मत आहे, की ताकद मोजण्याच्या कामी कानाइतका लबाड अवयव नाही. आवाज १० डेसिबलने चढला, की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. मागच्या चाकाला यातलं काही कळत नाही. खरं काय ते पाहायचं असेल तर एक लांब चढ निवडा, ठरलेल्या खुणेपासून ठरलेल्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा आणि वेळ मोजा. काम करण्याआधी मोजा, केल्यावर मोजा. नुसता सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचे आकडे पाहून मालकांचे चेहरे उतरतात, म्हणून हा प्रयोग कोणी फारसा करत नाही.

नुसता सायलेन्सर बदलल्यावर होतं काय? जळालेला वायू लवकर बाहेर पडतो, हवा जास्त आत येते आणि पेट्रोल मात्र जुन्याच हिशोबाने मिळतं. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. इंजिन तापतं, थ्रॉटल सोडला की पाइपातून फटफट आवाज येतात आणि मालकाला तेही आवडतात. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी हवा आणि पेट्रोलाचं वजनी प्रमाण १४.७ ला १ लागतं. पूर्ण ताकद मात्र १२.५ ते १३ च्या आसपास मिळते. म्हणजे जोर हवा असेल तर थोडं जास्तच पाजावं लागतं. पूर्ण थ्रॉटलला फार लीन चालवलं तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते आणि ते भोक कोणत्याही सायलेन्सरपेक्षा महाग असतं.

इथे हमखास एक जाणकार उगवतो आणि सांगतो, की इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच. लागत नाही. लागते ती वेळेवर परतणारी लाट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून निघते आणि पाइप जिथे मोठा होतो किंवा संपतो तिथून ती ओढ बनून मागे फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना ती पोचली, तर उरलेला धूर बाहेर खेचते आणि ताजं मिश्रण आत ओढून घेते. बेंड पाइपची, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या पाइपची, लांबी आणि व्यास यावर ती कोणत्या आरपीएमला पोचणार हे ठरतं. जाड पाइप लावला, की वायूचा वेग पडतो आणि कमी आरपीएमवरचा जोर, म्हणजे टॉर्क, जातो. बॅफल उपटून सायलेन्सर पोकळ केला तरी बहुतेक वेळा तेच होतं. वरच्या आरपीएमला थोडं मिळतं, पण चिखलातून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघायचं असतं तिथे गाडी मान टाकते. जाणकाराचं निरीक्षण बरोबर असतं, त्याने सांगितलेलं कारण तेवढं चुकतं. त्याला हे समजावण्यात मात्र वेळ घालवू नये.

टू-स्ट्रोकचा मामला याहून नाजूक. तिथे फुगीर पोटाचा एक्स्पान्शन चेंबर हाच अर्धा ट्यूनर असतो. बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण तो उलट्या लाटेने पोर्ट, म्हणजे सिलिंडरचं धुराचं तोंड, बंद होण्याआधी परत सिलिंडरमध्ये ढकलतो. त्याला कापायचं नाही, भोकं पाडायची नाहीत, मोठा पोचा आला तर काढून घ्यायचा. आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण ४० ला १ वरून ३२ ला १ केलं, की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, म्हणजे गाडी किंचित लीन होते. हे ऐकून लोक वाद घालतात. घालू द्यावा.

हवेच्या बाजूला सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे स्वच्छ फिल्टर. ही कोणालाच नको असते, कारण तिच्यात विकत घेण्यासारखं काही नाही. फोमचा फिल्टर त्याच्याच क्लीनरने किंवा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. पेट्रोलने धुतला तर जोडांचा गोंद सुटतो, शिवाय आगीला आमंत्रण. पूर्ण वाळल्यावर फिल्टर ऑइल लावून सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत मळा आणि जास्तीचं दाबून काढा. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे धूळ चोरवाटेने जाणार नाही. मग स्नॉर्केल काढा. बहुतेक गाड्यांवर एवढ्यानेच फरक जाणवतो. एअरबॉक्सच्या झाकणाला भोकं पाडायची असतील तर वरच्या बाजूला आणि बेताने पाडा. पाडलेलं भोक परत बुजत नाही आणि नाल्यातलं पाणी ते विसरत नाही.

अख्खा एअरबॉक्स काढून कार्ब्युरेटरला थेट कोन फिल्टर लावणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण तो लांबूनच. एअरबॉक्समध्ये हवा शांत बसलेली असते, म्हणून जेटिंग ठरतं. कोन फिल्टरला वारा, चिखल, मागच्या चाकाचा फवारा सगळं थेट भेटतं. गाडी सकाळी एक वागते, संध्याकाळी दुसरंच. धूळ आत गेली, की पिस्टन रिंगा झिजतात आणि मिळवलेली ताकद व्याजासकट परत जाते.

आता कार्ब्युरेटर. खरा छळ इथे आहे. फ्लोट बाउलचे, म्हणजे तळाच्या पेट्रोलच्या वाटीचे, चार स्क्रू चारफुलीचे दिसतात आणि घरातला चारफुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्यात बसल्यासारखाही वाटतो. जपानी कार्ब्युरेटरवर ते बहुधा जिस (JIS), म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. साधं टोक जोर लावताच वर सरकतं आणि स्क्रूची खाच गुळगुळीत करतं. जिस ड्रायव्हर घ्या, तळव्याने वरून दाबा आणि मगच फिरवा. काम झाल्यावर तिथे षटकोनी खाचेचे ॲलन स्क्रू बसवा. अख्ख्या मॉडिफिकेशनमधली ही सगळ्यात शहाणी खरेदी. आधी पेट्रोलचा कॉक बंद करून बाउल रिकामा करायचा, हे सांगायची गरज नसावी, पण असते.

थ्रॉटल किती उघडा आहे त्यावर कोणाचं राज्य हे ठरतं. बंद ते पाव: पायलट जेट आणि त्याचा स्क्रू. पाव ते पाऊण: नीडल, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर उचलली जाणारी निमुळती सुई. पाऊण ते पूर्ण: मेन जेट. हद्दी थोड्या एकमेकांत घुसतात, पण तक्रार कुठल्या उघडीपला येते हे थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा करून पाहिलं, तर निम्मं निदान तिथेच होतं. गाडी वरच्या थ्रॉटलला अडखळत असताना पायलट स्क्रू पिळत बसणारे महाभाग मात्र जगात पुष्कळ आहेत.

मेन जेट पाण्याच्या थेंबाएवढा, त्यावर नंबर इतका बारीक, की भिंगाशिवाय दिसत नाही. स्नॉर्केल काढला आणि मोकळा सायलेन्सर लावला, तर साधारण दोन-तीन माप वर जावं लागतं. शेजारशेजारची मापं घेऊन ठेवा आणि एकाच बनावटीची घ्या, कारण एका कंपनीचा १२५ दुसऱ्या कंपनीच्या १२५ शी जुळेलच असं नाही. मोठ्यापासून सुरू करून खाली या, लीनच्या बाजूने चढू नका. चाचणी सोपी आहे: पूर्ण थ्रॉटलवर असताना मूठ किंचित सोडा. गाडी जोर पकडायला लागली तर जेट लहान आहे. वर भरभरून अडखळते आणि काळा धूर टाकते तर मोठा आहे.

नीडलच्या डोक्याशी बहुधा पाच खाचा असतात आणि एका खाचेत इवलीशी क्लिप. क्लिप एक खाच खाली नेली, की नीडल वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्याला पेट्रोल वाढतं. काही कंपन्या एकच खाच देतात, तिथे बारीक वॉशर घालून नीडल उचलतात. क्लिप काढताना ती उडते. म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा. दिसायला वेडेपणा आहे, पण क्लिप त्याच पिशवीत सापडते.

पायलट स्क्रू आधी हलकेच पूर्ण आत नेऊन किती फेरे झाले ते लिहून ठेवा. हलकेच म्हणजे दोन बोटांनी. पिळलात तर टोक मोडून भोकात अडकतं. स्क्रू स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटलबरोबर वरखाली सरकणाऱ्या झडपेच्या, इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एअरबॉक्सच्या बाजूला असेल तर हवेचा, आत नेला की रिच. हे उलटं समजून लोकांनी रविवार घालवले आहेत. इंजिन गरम करून आरपीएम सर्वात वर आणि स्थिर असेल तिथे थांबा. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर काढावा लागला तर पायलट जेट एक माप वाढवा. एका फेरीच्या आतच भागलं तर कमी करा. बाहेर काढला, की त्याच्यामागे एक स्प्रिंग, एक वॉशर आणि मोहरीएवढी ओ-रिंग असते. स्प्रिंग हातात येते, वॉशर स्प्रिंगला चिकटतो आणि ओ-रिंग आतच राहते. ती आत नाही असं समजून नवी घातली, तर आत दोन होतात आणि मग गाडीचं वागणं कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. टॉर्च लावून आत पाहा. परत घालताना क्रम: आधी ओ-रिंग, मग वॉशर, मग स्प्रिंग.

सायलेन्सरच्या बाजूला धोका एकच, पण मोठा: सिलिंडर हेडचे स्टड, म्हणजे पाइपचे नट ज्यांच्यावर बसतात ते बिनडोक्याचे बोल्ट. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. सुटेना तर परत घट्ट करून मग सोडा, नाहीतर नट येतो आणि स्टडचा अर्धा भागही बरोबर येतो. बेंड पाइपची गॅस्केट प्रत्येक वेळी नवी घाला. दाबली गेलेली पुन्हा नीट बसत नाही. तिथून हवा ओढली गेली, की थ्रॉटल सोडल्यावर तीच फटफट सुरू होते आणि लोक बिचाऱ्या पायलट जेटला दोष देतात. नट आधी सगळे हाताने, मग आळीपाळीने थोडे थोडे. पाइप धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा ओढायला हूक वापरा. पकडीने ओढणाऱ्यांच्या बोटांच्या सांध्यांवरून ते ओळखू येतात. पहिल्यांदा सुरू करण्याआधी पाइप ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा, नाहीतर तुमच्या बोटांचे ठसे त्यावर भाजून कायम राहतात.

सायलेन्सरच्या आतलं फायबरचं पॅकिंग जळत जातं आणि गाडी हळूहळू जास्त ओरडायला लागते. मालकाला वाटतं, इंजिन खुललंय. रिव्हेट ड्रिल करून काढा, हातमोजे आणि लांब बाह्यांचा शर्ट घालून जुना कापूस खरवडा, नवा बेताने गुंडाळा. हातमोजे विसरलात तर पुढचा दिवस खाजवण्यात जातो. स्पार्क अरेस्टरची जाळी घासून परत बसवा. सुक्या गवतात ती नसेल तर ठिणगीने वणवा लागू शकतो. आणि रस्त्यावर नोंदणी असलेल्या गाडीवर यातले बरेच उद्योग अनेक देशांत बेकायदेशीर आहेत, तेव्हा आधी ते पाहा.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर जेट नाहीत, ओ-रिंग नाही, पिशवी नाही. पण ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, पेट्रोलचा तक्ता (मॅप) बहुधा बदलावाच लागतो. छळ तोच, फक्त लॅपटॉपसमोर बसून.

सगळं जुळल्यावर डोंगरावर गेलात तर गाडी पुन्हा रिच होते. दर १००० मीटरला हवेची घनता साधारण १० टक्क्यांनी घटते. थंडीत उलट, हवा दाट होऊन गाडी लीन होते. म्हणून कोणत्या हवेत, किती उंचीवर, कोणता जेट, कितवी खाच, किती फेरे, हे वहीत लिहा. जुना सायलेन्सर, बॅफल, स्नॉर्केल आणि जुने जेट एका डब्यात नीट चिठ्ठी लावून ठेवा. गाडी विकायला काढली, की गिऱ्हाईक चक्कर मारून येतं आणि पहिला प्रश्न विचारतं: ओरिजनल सायलेन्सर आहे का?