व्हिसा काढून धक्का

डाव्या खांद्यात अजून कळ आहे. क्रीम रंगाच्या पँटवर, बरोबर मांडीवर, आफ्रिका खंडाच्या आकाराचा काळा डाग आहे. सौ.ने त्यावर लिंबू, खायचा सोडा आणि लेकीच्या इंग्लंडमधल्या घरातली कसलीशी महागडी बाटली, सगळं करून पाहिलं. डाग थोडा निवळला. मी अजून निवळलो नाही.

जावयाने हौसेने तिकिटं काढून दिली होती. "बाबा, जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या शर्यती आहेत, शनिवार-रविवार. तुम्हाला आवडेल." ठिकाणाचं नाव सांगत नाही, त्या गावात पुन्हा तोंड दाखवायची वेळ येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ. युद्ध संपलं, विमानं गेली आणि कडेच्या रस्त्यावर लोक गाड्या पळवायला लागले. सिल्व्हरस्टोनच्या प्रसिद्ध रेस ट्रॅकचा जन्मही असाच झालेला. आपल्याकडे एवढी सपाट जागा मोकळी सापडली असती तर आजवर तिच्यावर तीन मंगल कार्यालयं आणि एक डी.एड. कॉलेज उभं राहिलं असतं.

फाटकातून आत शिरलो आणि एक वास आला. पोटात गोळाच आला माझ्या. रविवार सकाळ, आजी, तिच्या हातातली वाटी आणि माडीवर लपलेला मी! एरंडेल! जुन्या रेसिंग गाड्यांच्या इंजिनात एरंडाचं तेल घालायची पद्धत होती. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टर ऑइलवरून पडलेलं. आता त्याहून बरी तेलं मिळतात, तरी काही हौशी मंडळी पेट्रोलमध्ये थोडं एरंडेल टाकतात, निव्वळ वासासाठी. माझ्या शेजारी एक बाई डोळे मिटून तो धूर छातीत भरून घेत होती, जशी आपण आरती घेतो. मी मात्र आधी शौचालय कुठे आहे ते पाहून ठेवलं. सवय.

मला बघायच्या होत्या बेंटली. १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत मारणाऱ्या, बॉनेटवर कातडी पट्टा आवळलेल्या, ट्रकएवढ्या हिरव्या गाड्या. त्यांची शर्यत दुपारी अडीचला. सौ. भडंगाची एक पिशवी घेऊन स्टँडमध्ये बसली, दुसरी मी खिशात घातली आणि "जरा पॅडॉकमध्ये चक्कर मारून येतो" म्हणालो. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

पॅडॉक म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा. तिथे एक लाल ट्रायम्फ स्पिटफायर तोंड उघडून पडली होती. तिचं नुसतं झाकण उघडत नाही, मडगार्ड-दिव्यांसकट सगळा पुढचा भाग उचलला जातो. कृष्णाकाठी मगर जबडा उघडून पडते ना, तशी. आणि मी थांबलो. कारण असाच जबडा आमच्या अण्णांच्या हेरल्डला होता. मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेरल्ड, म्हणजे मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेरल्ड. स्पिटफायर १९६२ साली निघाली ती हेरल्डचीच चासी आखूड करून. थोडक्यात, ही आमच्या गाडीची चुलत बहीण.

जबड्याजवळ टोपीवाले एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. त्यांच्यामागे घडीच्या खुर्चीत त्यांची बायको विणत बसलेली, पायाशी चौकडीचा थर्मास. या थर्मासकडे लक्ष ठेवा.

"फारच सुंदर व्हिंटेज गाडी," मी म्हणालो.

गृहस्थांचा चेहरा असा झाला, की मी त्यांच्या कुळाबद्दल काहीतरी बोललो असावं.

"व्हिंटेज नाही," ते म्हणाले. "व्हिंटेज १९३० ला संपतं."

"बरं. मग क्लासिक?"

"लोक म्हणतात तसं." थोडं थांबून, "आम्ही हिस्टॉरिक म्हणतो."

मला आमच्या गल्लीतले गुरुजी आठवले. देशस्थ की कऱ्हाडे हे ऐकल्याशिवाय ते पाटावर बसत नसत. विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, "आमच्याकडे हेरल्ड होती. भारतात."

हे वाक्य मी गिळायला हवं होतं.

"हेरल्ड!" गृहस्थ उजळले. मग त्यांनी हवेकडे पाहिलं आणि पाऊस येईलसं दिसतं म्हणाले. मग सेल्फ उचलत नाही म्हणाले. मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल सविस्तर बोलले. शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली होती. आणि मग गप्प बसले. इंग्रज माणूस थेट काही मागत नाही. तो गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यात आपली मान अडकते.

"मी... धक्का मारू का?" माझं तोंड म्हणालं.

"छे छे, तुम्हाला कशाला तसदी!" असं म्हणेपर्यंत ते गाडीत बसले होते. पट्टासुद्धा लावला होता.

आता सांगलीच्या माणसाला धक्क्याचं नवल नाही. आमची हेरल्ड आयर्विन पुलावर नेमाने बंद पडायची. पूल इंग्रजाच्या नावाचा, गाडी इंग्रजाची, आणि मागून धक्का मारायला मी आणि दादा. अण्णा आतून ओरडायचे, "जोर लावा, जेवला नाहीत का?" पण तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आता बासष्टचा आहे. मी ढकलली. दुसऱ्या गियरमध्ये त्यांनी क्लच सोडला, गाडीने एक आचका दिला, पाइपातून काळी पिचकारी मारली आणि निघून गेली. आफ्रिका खंडाचा शोध इथे लागला.

दोन फेऱ्यांत गाडी परत आली. दोरीला बांधून. दोरीवाल्याने ती पॅडॉकच्या तोंडाशीच सोडली, तिथून तिच्या जागेपर्यंत दुसरा धक्का. चढावर.

मग मी तिथेच टेकलो. काही विचारतील म्हणून थांबलो, लपवत नाही. बाईंनी थर्मास उघडला. वाफ आली. झाकणाचे दोन कप निघाले, एक आतला, एक बाहेरचा. एक नवऱ्याला, एक स्वतःला. मी माझ्याकडून सुरुवात करावी म्हणून भडंगाची पिशवी पुढे केली. गृहस्थांनी एक दाणा तोंडात टाकला, "इंटरेस्टिंग" म्हणाले, आणि मग इंटरेस्टिंग, इंटरेस्टिंग करत चहाबरोबर अर्धी पिशवी संपवली. लसूण वेचून वेचून खाल्ला. शिवाय बोलता बोलता म्हणाले, "जग्वार आता तुमच्याचकडे असते ना?" टाटांनी ती २००८ साली फोर्डकडून रीतसर पैसे मोजून घेतली. पण त्यांचा सूर असा, की शेजाऱ्याने शिडी नेली आणि परत केली नाही. माझ्याकडे टाटा मोटर्सचा एक शेअरसुद्धा नाही. तरी मी "हो, सॉरी" म्हणालो. का म्हणालो, ते खांद्यापेक्षा जास्त दुखतंय.

"तुमच्या हेरल्डचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"आहे अजून," मी खोटं बोललो.

माधवनगरच्या भंगारवाल्याने नेली ती. वजनावर. अण्णांनी तिच्या एका पार्टसाठी मद्रासला चार पत्रं लिहिली होती, उत्तर एकाचं आलं, पार्ट आलाच नाही. या गृहस्थांना स्पिटफायरचा बोल्ट लागला तर आजही घरबसल्या नवा मागवता येतो, पोस्टमन दारात आणून देतो. मग जपतील नाहीतर काय करतील! जुन्या वस्तूंवर प्रेम करायलासुद्धा ऐपत, गॅरेज आणि पेन्शन लागतं. आणि आम्हाला वर ऐकावं लागतं की भारतीयांना वारशाची किंमत नाही. अण्णा भंगारवाल्याच्या टेम्पोमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते. जाऊ दे.

तेवढ्यात पाऊस आला. आणि गृहस्थ पुन्हा हवेबद्दल बोलू लागले. मी ओळखलं. गाडी ट्रेलरवर चढवायची होती.

लोखंडी फळ्या ओल्या, बूट घसरणारे. पुढून ते हँडल फिरवून तार ओढतायत, मागे मी खांदा लावून. अर्ध्यावर हँडल अडकलं. "फक्त दोन मिनिटं धरून ठेवा, तेल घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. बाई छत्री घेऊन खुर्चीत. त्यांनी माझ्याकडे बघून गोड स्मित केलं आणि विणायला लागल्या. नेमकी तेव्हा पलीकडून गडगड सुरू झाली. तळघरात कोणी जातं फिरवावं तशी, एकामागून एक. जमीन थरथरली. अडीच वाजले होते. बेंटली! मी मान वळवली तर गाडी चार इंच खाली आली. मी मान परत सरळ केली. पूर्ण शर्यतभर माझ्या डोळ्यांसमोर स्पिटफायरची मागची नंबरप्लेट होती. ती आता मला झोपेतही म्हणता येते.

शेवटी गृहस्थांनी हात हातात घेऊन "यू आर अ स्टार" म्हटलं, आणि उरलेली भडंगाची पिशवी आपली समजून गाडीच्या कप्प्यात ठेवली.

स्टँडमध्ये सौ. कोरडी ठणठणीत. "अहो, होतात कुठे? काय गाड्या होत्या त्या पट्ट्याच्या! अगदी समोरून गेल्या. आणि शेजारच्या बाई इतक्या चांगल्या, मला दोनदा चहा दिला." मग तिचं लक्ष पँटकडे गेलं. सगळं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "व्हिसा काढून धक्का मारायला आलात होय!"

संध्याकाळी जावई न्यायला आला. "काय बाबा, किती गाड्या बघितल्या?"

"एक," मी म्हणालो. "मागून."