गोल टीपॉय जागा वाचवतो म्हणे! आधी टेप लावून बघा

फॅमिली ग्रुपवर एक सल्ला हल्ली सारखा फिरतोय. हॉल लहान असेल तर डोळे झाकून गोल टीपॉय घ्या. तो जागा कमी खातो, सगळ्यांचा हात सारखा पोचतो, लेकरांना कोपरा लागत नाही, मिस्त्रीकडून करून घेतला तर स्वस्तात पडतो आणि चौकोनी टीपॉय आता जुना झाला. यातलं शेवटचं सोडून देऊ, आवडीला औषध नाही. बाकीचं मात्र तपासायला हवं.

जागेचं आधी. 3 फूट व्यासाचा गोल साधारण 7 चौरस फूट भरतो, 4 बाय 2चा आयत 8. कागदावर गोल जिंकला. पण हॉलमध्ये अडचण चौरस फुटांची नसतेच, ती असते सोफा आणि टीव्हीची भिंत यांच्यामधल्या अंतराची. आपल्या कोल्हापुरात फुलेवाडी, कळंबा, पाचगाव या बाजूच्या फ्लॅटमध्ये 10 फूट रुंदीचा हॉल काही नवलाचा नाही. त्यात सोफ्याला 3 फूट गेले, सोफ्यापुढं पाय ठेवायला सव्वा फूट आणि टीव्ही युनिटला सव्वा फूट. राहिले साडेचार. गोल टीपॉयनं त्यातले 3 घेतले की चालायला दीड फूट उरतो, 4 बाय 2 आडवा ठेवला तर अडीच. पाहुणे बसलेले असताना दीड फुटातून चहाचा ट्रे नेऊन बघा एकदा.

कुणी म्हणेल, मग 2 फुटी गोल घेऊ. घ्या की! त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 3 चौरस फूट. मिसळीच्या दोन प्लेटा, ब्रेड आणि कटाचं भांडं ठेवलं की पाण्याचा तांब्या फरशीवर.

हात सारखा पोचतो हे खरं, पण माणसं गोल करून बसली तर. आपल्याकडं भिंतीला लागून सरळ थ्री-सीटर असतो, साडेसहा-सात फुटांचा. मधोमध 3 फुटी गोल ठेवला की मधल्याची चैन, कडेचे दोघं कपासाठी अर्धे उठतात. म्हणूनच टीपॉय सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश लांबीचा असावा असं म्हणतात. हॉल चौरस असेल, सोफा एल आकाराचा असेल किंवा बैठक समोरासमोर असेल, तिथं मात्र गोल खुशाल घ्या. तिथं त्याला तोड नाही.

लेकरांचा मुद्दा निम्मा खरा आहे. नुकतं चालायला लागलेलं पोर धडपडलं की त्याचं तोंड टीपॉयच्याच उंचीला येतं. पण आयताचे चार कोपरे गोल मारून दे म्हटलं तर कुठलाही मिस्त्री देतो. उलट मधल्या एकाच खांबावर उभा असलेला गोल टीपॉय पोर कडेला लोंबकळलं की कलंडतो. हे मात्र त्या सल्ल्यात कुणी लिहीत नाही.

स्वस्ताचं तर उलटंच आहे. प्लायचा शीट 8 बाय 4चा. त्यातून 4 बाय 2चे चार टॉप निघतात, तुकडाही वाया न जाता. 3 फुटी गोल निघतात फक्त दोन, कितीही फिरवून आखा. शिवाय गोल कडेला पट्टी बसवायचं काम जास्त, मजुरीही त्या मानानं.

गौरी-गणपतीत हॉल मोकळा करायचा म्हटला की आयत भिंतीला सपाट लागतो, वर आराससुद्धा मांडता येते. गोल कुठंही सरकवा, दोन्ही बाजूंना बिनकामाच्या फटी राहतातच.

माप घ्यायची सोपी युक्ती सांगतो. हॉलमध्ये 2 बाय 2ची फरशी असेल तर सोफ्यासमोरच्या सलग दोन फरश्या म्हणजे 4 बाय 2. त्यावर जुने पेपर चिकटवा आणि दोन दिवस तसंच वावरा. मग 3 फुटी गोल कापून तेच करा. ज्यावर पाय पडत नाही, तो आकार तुमचा. राजारामपुरीत बघायला गेलात तर हे माप खिशात असू द्या, कारण शोरूमच्या मोकळ्या जागेत कुठलाही टीपॉय लहानच दिसतो.