साच्यातले नट आणि साचा बनवणारे

जगदीश राज हे नाव सांगितलं तर बऱ्याच जणांना पटकन काही आठवणार नाही. पण हिंदी चित्रपटात शेवटी जीपमधून उतरणारा खाकी वर्दीतला इन्स्पेक्टर म्हटलं की त्यांचा चेहरा लगेच डोळ्यांसमोर येतो. त्यांनी १४४ चित्रपटांत पोलिसाचं काम केलं आणि गिनीज बुकात सर्वाधिक साचेबंद नट म्हणून त्यांची नोंद झाली. ही नोंद लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत वाटत नाही. १४४ वेळा त्या माणसाला वर्दी कुणी चढवली, हा प्रश्न पडतो. कारण स्वतःहून वर्दी शिवून घेऊन तो काही सेटवर गेला नव्हता.

आयुष्यभर एकाच छापाची कामं करणाऱ्या नटांबद्दल आपण फार सहज बोलतो. 'त्याला दुसरं काही जमत नाही', 'तिची रेंजच तेवढी'. या बोलण्यात एक मोठी चूक आहे आणि तिच्यामुळे अनेक चांगल्या कलावंतांवर अन्याय झालाय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. नटाला काय येतं आणि नटाला काय मिळालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर आपल्याला फक्त दुसरी दिसते आणि निकाल मात्र आपण पहिलीबद्दल देतो.

साचा तयार कसा होतो ते बघा. चरित्र अभिनेत्याच्या वाट्याला अडीच तासांच्या चित्रपटातली काही मिनिटं येतात. तेवढ्यात हा माणूस कोण, भला की बुरा, हे प्रेक्षकाला कळायला हवं. ते लिहून उभं करायचं तर दोन-तीन प्रसंग खर्ची पडतात. त्यापेक्षा ज्याचा चेहराच ओळख सांगतो असा नट घेतला की ते प्रसंग वाचतात. लेखकाचे कष्ट वाचतात, निर्मात्याचा पैसा वाचतो. मग एखादं काम गाजलं की पुढच्या दहा निर्मात्यांना तेच काम हवं असतं, आणि ज्याचं घर रोजच्या कामावर चालतं तो तारखा नाकारत नाही. नायकाला नकार परवडतो, पण हे स्वातंत्र्य पाचव्या-सहाव्या क्रमांकावर नाव येणाऱ्याला कधीच नसतं. मालिकांमध्ये तर हे आणखी पक्कं झालंय. एकदा खाष्ट सासू झालेली बाई पुढची दहा वर्षं खाष्ट सासूच असते, फक्त चॅनेल बदलतं.

निळूभाऊंचं उदाहरण घेतल्याशिवाय मराठीत हा विषय बोलताच येत नाही. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून पुढे कितीतरी वर्षं निळू फुले म्हणजे खलनायक, हे समीकरण ठरून गेलं. पाटील, सरपंच, सावकार, साखर कारखान्याचा चेअरमन. प्रत्यक्षातला माणूस सेवादलाच्या कलापथकातून आलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात मनापासून असलेला आणि अत्यंत सौम्य. तरीही बायका त्यांना बिचकत, त्यांच्याबद्दल खरोखरच वाईट बोलत. आपण हे त्यांच्या अभिनयाचं कौतुक म्हणून सांगतो, आणि ते कौतुक आहेच. पण एखाद्या सज्जन माणसाला उभं आयुष्य लोकांच्या नजरेतली ती भीती झेलावी लागली, हेही त्यात आहे.

निळूभाऊंनी साच्यात राहून जे केलं ते मला थोर वाटतं. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. आवाज चढत नाही. मान किंचित कललेली, नजर तिरकी, बोलणं गोड. सत्ता इतकी अंगात मुरलेली की ओरडायची गरजच नाही. खेड्यातली सत्ता खरी कशी वागते, ते त्या माणसाने दाखवलं. चांगल्या लेखकाच्या हातात पडला तर त्याच साच्यातून इतकं निघतं, आणि तिथे लेखक विजय तेंडुलकर होते. त्यानंतर १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी 'सिंहासन' केला, तेव्हा पाटलाऐवजी निळूभाऊंना दिगू टिपणीस हा पत्रकार दिला. सगळं समजणारा आणि काहीही बदलू न शकणारा माणूस. पाटलाचं एकही लक्षण त्या कामात शोधून सापडत नाही. हा नट दोन्ही करू शकतो हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. तरीही पुढे बहुतेकांनी त्यांच्याकडे धोतर-फेटाच पाठवला. मला याचा राग येतो.

प्राणच्या बाबतीत 'उपकार'मुळे (१९६७) दार उघडलं. मनोज कुमारने त्यांना मलंग चाचा दिला आणि ज्याच्या नावाची लोकांनी धास्ती घेतली होती त्याच माणसासाठी लोक रडले. १९४२ च्या 'खानदान'मध्ये नूरजहाँसमोर प्राण नायक होते, हे तोवर सगळे विसरलेच होते. प्राण सत्तेचाळीस वर्षांचे झाल्यावर एका दिग्दर्शकाला वाटलं म्हणून हे घडलं. तसं कुणाला वाटलंच नाही, असे किती असतील?

बायकांच्या बाबतीत साचा जास्त लवकर येतो आणि जास्त घट्ट बसतो. 'जॉनी मेरा नाम'मध्ये (१९७०) देव आनंद आणि प्राण हे दोघे भाऊ, आणि आई सुलोचनादीदी. देव आनंदचा जन्म १९२३ चा, प्राणचा १९२० चा आणि दीदींचा १९२८ चा. म्हणजे आई दोन्ही मुलांपेक्षा लहान. मराठीत नायिका म्हणून काम केलेल्या बाईला हिंदीने केस पिकवून दारात उभं केलं. निरुपा रॉय तर 'मुनीमजी'मध्ये (१९५५) अवघ्या चोविसाव्या वर्षी देव आनंदची आई झाल्या. त्या कामाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि पुढची वाट ठरून गेली. चांगलं काम केल्याची एक प्रकारे शिक्षाच झाली ही.

रीमा लागूंबद्दल थोडं थांबून लिहायचंय, कारण त्यांच्याबाबत दोन माध्यमांतला फरक फार स्पष्ट दिसतो. मराठी रंगभूमीवर त्यांनी 'सविता दामोदर परांजपे' केलं, 'पुरुष' केलं. झपाटलेली बाई असो की अत्याचारानंतर उभी राहणारी शिक्षिका, अंगावर काटा येईल अशा ताकदीची कामं. त्याच बाईला 'मैंने प्यार किया'ने (१९८९) आई केलं, तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मग आईच. प्रेमळ, हसरी, सुखवस्तू घरातली आई. 'वास्तव'मध्ये (१९९९) त्या संजय दत्तच्या आई झाल्या. त्याच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने मोठ्या. पण 'वास्तव' लक्षात राहतो तो वेगळ्या कारणाने. तिथे ही आई मुलाचा शेवट स्वतःच्या हाताने करते. महेश मांजरेकरांनी साचा मोडला नाही, पण त्या साच्याला आजवर न विचारलेला प्रश्न विचारला. त्या शेवटच्या प्रसंगात रीमाताईंचा चेहरा पाहा, रंगभूमीवरची सगळी कमाई तिथे दिसते. म्हणजे ती ताकद त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. मधली दहा वर्षं कुणी ती मागितलीच नव्हती.

ललिता पवारांचा चेहरा १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने बदलला. डोळ्याला इजा झाली, अर्धांगाचा त्रास झाला, नायिकेच्या भूमिका संपल्या आणि आपल्याला एक अजरामर दुष्ट सासू मिळाली. या वाक्याचा शेवटचा भाग आपण जरा जास्तच आनंदाने सांगतो असं मला वाटतं. पण हृषीकेश मुखर्जींनी 'अनाडी'मध्ये (१९५९) काय केलं पाहा. मिसेस डिसा आधी कडकच आहे, ओरडते, हिशेब मागते. प्रेक्षकाला वाटतं, आली ललिता पवार. आणि मग त्या कडकपणाच्या आतून जी माया येते ती सहन होत नाही, इतकी खरी आहे. प्रेक्षकाच्या मनातल्या ठरलेल्या प्रतिमेचा हा सर्वात सुंदर वापर. साचा हा शाप असतोच असं नाही, हे मी त्यावरून म्हणते.

एकच पात्र जन्मभर करणं यात मुळात कमीपणा काहीच नाही. इटलीच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकमंडळ्यांत एकेक नट आयुष्यभर एकच पात्र करायचा आणि त्यात मुरत जायचा. आपल्या तमाशातली मावशी, सोंगाड्या ही ठरलेलीच सोंगं. एकच राग गवयी पन्नास वर्षं गातो, तेव्हा त्याला दुसरं येत नाही असं आपण म्हणत नाही. चॅप्लिनचा ट्रॅम्प १९१४ मध्ये आला आणि १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'पर्यंत राहिला. बावीस वर्षं तीच टोपी, तीच काठी, ते मोठाले बूट. कुणाला कंटाळा आला? पण लेखक तो, दिग्दर्शक तो, १९१९ पासून वितरण कंपनीचा भागीदारही तोच. कधी थांबायचं ते त्याने ठरवलं. आपल्याकडे दादा कोंडके 'सोंगाड्या'चे (१९७१) निर्माते स्वतः होते. तो भोळा, ढगळ चड्डीतला माणूस त्यांनी स्वतः निवडला होता. जगदीश राज आणि चॅप्लिन दोघेही तेच ते करत होते, पण एकाच्या हातात लगाम होता आणि दुसऱ्याच्या नव्हता. दोघांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

अर्थात लगाम हातात असूनही माणूस अडकतो. अमेरिकन नट जेम्स ओनील यांनी 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'चे हक्कच विकत घेतले, हजारो प्रयोग केले, भरपूर पैसा मिळवला. आपण शेक्सपिअरचे मोठे नट होऊ शकलो असतो ही खंत मात्र गेली नाही. त्यांचा मुलगा यूजीन ओनील. त्याच्या 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट'मधल्या बापाला ही खंत पोखरत राहते.

आणि आता प्रेक्षकांचं. सगळं खापर निर्मात्यांवर फोडून मोकळं होणं बरोबर नाही. १९९२ मध्ये 'एक होता विदूषक' आला. पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे, गाणी ना. धों. महानोरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं आणि नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशात वाढलेला, पडद्यावर तारा झालेला, राजकारणाने वापरून घेतलेला विनोदी नट आणि त्याची न हसणारी मुलगी. 'धूमधडाका', 'अशी ही बनवाबनवी' यांनी ज्याला घराघरांत नेलं त्या लक्ष्याने स्वतःचं सगळं पणाला लावून हे काम केलं. विनोदाच्या वेळेचं त्याचं भान तेच आहे, फक्त इथे हशाच्या जागी एक पोकळी येते आणि तो ती भरत नाही. माझ्या मते मराठी पडद्यावरच्या सर्वोत्तम कामांपैकी हे एक आहे. आणि तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. लोकांना 'आपला लक्ष्या' हवा होता. त्यानंतर त्याच्याकडे पुन्हा तसलेच चित्रपट आले. हिंदीने तर त्याला 'हम आपके हैं कौन'मध्ये (१९९४) घरगडी करून ठेवलं. २००४ च्या डिसेंबरमध्ये तो गेला, पन्नाशीचा होता. वडिलांच्या, आजोबांच्या भूमिकांचं वय आलंच नाही. त्या वयात विनोदी नट कसे खुलतात हे आपण इतरांच्या बाबतीत पाहिलंय.

म्हणून आज मालिका, वेब सिरीज लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ज्या बाईला तुम्ही पंधरा वर्षं सासू म्हणून बोलावताय, तिला एकदा वकिलाच्या, खुन्याच्या, प्रेमात पडलेल्या बाईच्या भूमिकेसाठी ऑडिशनला बोलवा. ज्याला फक्त हवालदार देताय त्याला एक पूर्ण प्रसंग लिहून द्या, त्याचं घर दाखवा. आणि तसं काही आलं तर आपण पहिल्याच आठवड्यात जाऊन ते पाहू या. दुसऱ्या आठवड्यात असे चित्रपट बहुतेक वेळा पडद्यावर नसतात.