घरच्या मोबाइलवर फोटो? आमच्याकडे नाही जमलं

'प्रत्येक मुलाने घरच्या मोबाइलवर आवडत्या जागेचा फोटो काढून आणावा, वर्गात दाखवावा आणि त्यावर लिहावं', मुलांची एकमेकांशी ओळख वाढावी म्हणून सुचवलेल्या उपक्रमातल्या या वाक्यापाशी अडखळले. मी बीड जिल्ह्यात पाचवीला शिकवते. पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं. 34 पैकी 11 जणांचे फोटो आले, त्यातले चार वाढदिवसाच्या केकचे. बाकीच्यांच्या घरचा फोन सकाळी वडिलांच्या खिशात जातो आणि परत येतो तेव्हा अंधार पडलेला असतो. ओळख वाढायची राहिली बाजूला, कोणाकडे फोन आहे न् कोणाकडे नाही एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

आता माझाच जुना फोन मधल्या सुट्टीत फिरतो. प्रत्येकाला तीनच फोटो. मोजून काढायचे म्हटल्यावर पोरं आधी बघतात तरी नीट. दिवाळीआधी एका मुलीने फोन एक रात्र घरी मागितला (दिला, पण धाकधूक होतीच). फोटो आला भिंतीला टेकवलेल्या दोन कोयत्यांचा, एकाच्या मुठीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली. खाली तिनं लिहिलं होतं, 'चिंधीवाला आईचा. मुकादम म्हणतो आईबाबा मिळून एक कोयता. मग घरात दोन कसे?' ऊसतोडीला मजूर नेणारे मुकादम नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून धरतात, हे अर्ध्या वर्गाला पाठ होतं. उरलेल्या अर्ध्यांनी त्या दिवशी तिला पहिल्यांदा काही विचारलं.