जावई सासरवाडीत, म्हणजे कॅनडात

टोरंटोला उतरल्यावर खिडकीतल्या त्या पोरगेल्या अधिकाऱ्याने माझं पीआर कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "व्हिजिटिंग?" अहो, कार्डावर पर्मनंट रेसिडेंट असं लिहिलेलं असतं. मी म्हटलं नाही, राहते मी इथे, मिसिसागाला. मग किती महिने बाहेर होतात, कशासाठी, पण एवढे कशासाठी, असं सगळं झालं आणि मशीनमधून निघालेल्या पावतीवर पेनाने काहीतरी खरडून त्याने मला बाजूच्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं. मागच्या आठवड्यातली गोष्ट आहे आणि अजून डोक्यातून जात नाहीये. खोलीत बसवल्याचा एवढा राग नाही, त्या "व्हिजिटिंग"चा आहे. मिरजेला रिक्षातून बॅगा उतरवते ना उतरवते तोच समोरच्या वहिनी विचारतात, "किती दिवस आहेस?" आणि इथे हा. कुठेतरी एका ठिकाणी कुणीतरी नुसतं "आलीस का" म्हणावं की नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम सांगते. कॅनडाचं पीआर एकदा मिळालं म्हणजे कायमचं असं नसतं, मागच्या पाच वर्षांत किमान ७३० दिवस तुम्ही देशात असायला लागता. ही पाच वर्षं कार्डावरच्या तारखेपासून मोजतात असं लोकांना वाटतं, तसं नाही (पीआर झाल्याच्या तारखेपासून मोजतात ती फक्त पहिली पाच वर्षं). त्यानंतर ज्या दिवशी अधिकारी तुम्हाला विचारेल त्या दिवसापासून मागे पाच वर्षं. म्हणजे रोज सकाळी तुमच्या खात्यात एक नवा दिवस जमा होतो आणि पाच वर्षांपूर्वीचा एक जुना दिवस गळून पडतो. तुम्ही मिरजेत आईला चहा देताय आणि तिकडे ब्रॅम्प्टनच्या तळघरातला तुमचा एक जुना फेब्रुवारी बाद होतोय. तो फेब्रुवारी काय थंडीत काढला होता ते माझं मला माहीत!

माझे दिवस नियमात बसतात. काठावर, पण बसतात. एक्सेल शीट आहे माझ्याकडे, रंगीत. पण त्या खोलीत भिंतीवर फोन बंद ठेवा अशी पाटी, आणि शीट फोनमध्ये. मग मी पासपोर्ट काढला आणि शिक्के बघून बोटांवर मोजायला लागले, आणि शेजारून आवाज आला, "ताई, बोटावर नका मोजू. बोटावरचा हिशेब ऑडिटला टिकत नाही."

वळून बघितलं तर एक काका. स्वेटरच्या आत शर्ट, शर्टाच्या खिशात दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. मी मराठी आहे हे यांना कसं कळलं म्हणाल तर मी पुटपुटत मोजत होते, "मार्च, एप्रिल, मे, अगं बाई मे." काका साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यात लेखा शाखेला होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. मुलाकडे आलेले, सुपर व्हिसावर (आईवडिलांना लांब मुदतीसाठी येऊन राहता येतं तो व्हिसा), आणि व्हिसाचं मूळ पत्र सुनेने "सांभाळून ठेवा" सांगितलं म्हणून त्यांनी इतकं सांभाळलं की ते चेक-इन बॅगेत तळाशी गेलं. बॅग पट्ट्यावर फिरत होती आणि काका इथे. पण चेहऱ्यावर काळजी म्हणून नाही. सरकारी कचेरीत बसून राहण्याची सवय ज्याला आहे त्याला जगात कुठेच परकं वाटत नाही.

"काय भानगड आहे?" म्हणाले. मी सांगितलं. काकांचे डोळे चमकले. खरंच चमकले, बारा वर्षांत त्यांना असं काही मिळालं नसावं.

"म्हणजे मस्टर आहे हे. आणा बघू." पासपोर्ट घेतला, पिशवीतून एलआयसीची डायरी काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि डायरीत उभ्या रेघा मारून रकाने पाडले. गेले, आले, गैरहजर दिवस, शेरा. मी म्हटलं काका, शेरा कशाला? "शेऱ्याशिवाय तक्ता असतो का?"

मग शिक्के. आपल्या इमिग्रेशनवाल्यांना एकच विनंती आहे की शिक्क्याला शाई लावत जा हो. एक शिक्का दुसऱ्यावर मारलेला, एक पानाच्या कडेला अर्धाच, आणि मे महिन्याचा तो शिक्का तर असा की तारखेतला पहिला आकडा एक आहे की दोन हे विचारायला ज्योतिषीच पाहिजे. काकांनी अंगठ्याने ते पान ताणून धरलं, दिव्याखाली तिरकं केलं, फुंकर मारली. कशाला मारली माहीत नाही. "पुसट आहे. पुसट नोंद कर्मचाऱ्याच्या विरोधात धरायची असा आमच्याकडे रिवाज." मी म्हटलं काका, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना? तर म्हणाले, "मी हिशेबाच्या बाजूने आहे."

"जायचा दिवस आणि यायचा दिवस धरतात का?" धरतात म्हटलं, दिवसातला थोडा वेळ जरी देशात असलात तरी अख्खा दिवस मोजतात. काका खूष. "म्हणजे रात्री अकराला उतरलं तरी हजेरी? फार उदार खातं आहे हो. आम्हाला सव्वादहाला लाल रेघ मारायचे." आणि ते जुना दिवस गळण्याचं त्यांना मी काय समजावणार, त्यांनीच मला समजावलं. अर्जित रजा १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ जमा होते, आणि ३०० झाली की पुढची नुसती वाया जाते. "तुमचं तर त्याहून वाईट. तुमची आत येते पण मागून बाहेर पडते. साठतच नाही. हा नियम करणारा माणूस लेखा शाखेतलाच असणार."

मी म्हटलं ह्या दोन्ही फेऱ्या आईमुळे झाल्या. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मी एकटीच मुलगी. (मिरज दवाखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, सतारींसाठीही आहे, पण आमच्या घरी सतारीमुळे कुणाला यावं लागलं असं कधी झालं नाही.) काका म्हणाले, "मग वैद्यकीय रजा. वेगळा रकाना." रकाना पाडायला लागले. त्यांना सांगावं लागलं की इथे वैद्यकीय रकाना नाही. दिवस कमी पडले तर मानवतेच्या आधारावर विनंती करता येते, कागदपत्रं लावता येतात, मग अधिकारी ठरवणार. पण मोजताना आई आजारी असलेला दिवस आणि गोव्याच्या बीचवर पडलेला दिवस सारखाच. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मिस्टर?"

मिस्टर कॅनेडियन नागरिक आहेत म्हटलं. त्याचे १०९५ दिवस कधीच झाले, नागरिकत्वाला पाच वर्षांत तेवढे लागतात, माझे त्या फेऱ्यांमुळे होता होता राहतात. आणि झाले तरी भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड काढा, मग आईच्या नावावरच्या सातबाऱ्याचं काय, वारसाने येईल पण नवीन शेतजमीन घेता येत नाही, तो एक वेगळाच विषय आहे. पण नवऱ्यावरून आठवलं म्हणून मी काकांना तो नियम सांगितला, आणि तीच माझी चूक झाली असं म्हणणार नाही, उलट त्या दिवसातला तेवढाच भाग चांगला गेला.

नियम असा, की जोडीदार कॅनडाचा नागरिक असेल आणि परदेशात तुम्ही त्याच्याबरोबर राहत असाल तर ते दिवस कॅनडात राहिल्याचे धरतात.

काकांनी पेन खाली ठेवलं. "परत सांगा."

परत सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मिरजेत आईची सेवा करताय, एकट्या. तर गैरहजर."

हो.

"आणि जावईबापू मिरजेत येऊन सासूबाईंकडे जेवतायत, तुम्ही वाढताय. तर दोघं कॅनडात."

तो तर नागरिक आहे, त्याला काहीच मोजत नाहीत. पण मी, हो, मी कॅनडात.

"मिरजेत बसून."

हो.

काका इतक्या जोरात हसले की काउंटरमागची बाई वर बघायला लागली. "अहो मग धाडा ना त्यांना! जावयाला सासरवाडीत कुणी नाही म्हणतं का? सहा महिने पाहुणचार करा, वर दिवसही मिळतात."

मी म्हटलं तेही इतकं सोपं नाही. काही वेळा अधिकारी विचारतात की कोण कोणाच्या मागे गेलं. नागरिक कामाला परदेशी गेला आणि बायको त्याच्या सोबत गेली तर ठीक. पण बायको आधी गेली आणि नवरा मागून आला तर हे "सोबत जाणं" की नाही यावर किस पाडतात, अपिलात जाईपर्यंत. काकांनी हे फार गंभीरपणे ऐकलं, डायरीत शेरा लिहिला आणि मग मला एकेक बोट मोडून सांगितलं, "ऐका. आईंचा पाय घसरला की आधी जावयाने तिकीट काढायचं. आधी त्यांनी पोचायचं. सासूबाईंना दवाखान्यात त्यांनी न्यायचं. तुम्ही चार दिवसांनी, रडत रडत, नवऱ्याच्या विरहाने पोचायचं. म्हणजे तुम्ही त्यांच्या मागून." मी म्हटलं काका, आईला बेडपॅन कोण देणार? "ते नियमात विचारलंय का?"

नाही विचारलेलं. तेच तर.

इथे ग्रुपवर असल्या युक्त्यांचा पाऊस असतो. कार्ड संपलं आणि तुम्ही भारतात अडकलात तर विमानात चढू देत नाहीत, वेगळं ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं आणि ते काढताना दिवस मोजतात. तर ग्रुपवरचे विद्वान सांगतात की अमेरिकेत उतरा, मित्राला गाडी घेऊन बफेलोला बोलवा आणि पुलावरून या, खाजगी गाडीतून आलं की कार्ड लागत नाही. ते खरंही आहे. फक्त त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवा आणि असला मित्र हवा. माझे मित्र विमानतळावर घ्यायला या म्हटलं की पार्किंगचा रेट सांगतात.

आणि आईला इकडे आणा असं म्हणणाऱ्यांनी तर बोलूच नका. आईवडिलांना पीआर देण्यासाठी सरकारने २०२० साली इच्छुकांची नावं घेतली आणि त्यानंतर २०२५ पर्यंत दरवर्षी त्याच यादीतून चिठ्ठ्या काढल्या. २०२० मध्ये आमची आई बाजारातून दोन्ही हातात पिशव्या घेऊन चालत येत होती, नाव कशाला घालेन मी? सुपर व्हिसा आहे, त्याला किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा, आमच्या उत्पन्नाची अट, मेडिकल, आणि तिच्या वयाला आणि त्या खुब्याला विम्याचा हप्ता ऐकून नवरा पाणी प्यायला उठून गेला होता. शिवाय आईचं म्हणणं, तिथे मी बोलू कुणाशी.

काकांकडे बघा. त्यांना एका दमात पाच वर्षं राहता येतं, आणि ते नोव्हेंबरच्या आत परत जाणार. का, तर पेन्शनचा हयातीचा दाखला. मी म्हटलं काका, आता मोबाईलवर होतं ते, चेहरा दाखवून. "होतं. पण मी बँकेत जाऊन देतो. समोर उभं राहिलं की साहेबाला मान्यच करावं लागतं." हयात असल्याचा पुरावा द्यायला चौदा-पंधरा तास विमानात बसून जाणारा हा माणूस माझे दिवस मोजत होता.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. काका घाईने बेरीज करायला लागले, "थांबा, मे राहिलाय, मे राहिलाय," पण मी पासपोर्ट ओढून घेतला. काउंटरवरच्या बाईने पासपोर्ट उघडलासुद्धा नाही. स्क्रीनवर बघितलं, दोनदा खाली सरकवलं आणि म्हणाली, आहेत तुमचे दिवस, पुढच्या वेळी लक्ष ठेवा. आता मला सांगा, २०२० पासून विमानाने देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद विमान कंपन्या यांना देतात. येतानाची नोंद यांची स्वतःची. म्हणजे सगळं यांच्याकडे आहे. मग तो खिडकीतला पोरगा काय बघत होता? आणि कार्ड रिन्यू करताना फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांतली प्रत्येक गैरहजेरी, तारखेसकट, ठिकाणासकट, कारणासकट मी का लिहायची? चुकतेय का ते बघायला? हे म्हणजे मास्तरने उत्तर फळ्याच्या मागे लिहून ठेवायचं आणि मग पाढे म्हणायला उभं करायचं. बरं, तिला हे विचारता येत नाही. तिला थँक्यू म्हणायचं असतं. म्हटलं.

निघताना काकांनी डायरीतलं पान टर्रकन फाडून दिलं. खाली सही आणि तारीख. शेऱ्याच्या रकान्यात मेपुढे लिहिलं होतं, "अस्पष्ट. खुलासा मागवावा."

गाडीत बसल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. आधी तो ऐकतच नव्हता, पार्किंगचं मशीन कार्ड घेत नव्हतं. मग म्हणाला, सहा महिने मिरजेला? आणि माझं काम? म्हटलं लोक करतात रात्री जागून. तर म्हणे नेट कसं आहे तिकडे. मी म्हटलं नेट चांगलं आहे, तुझ्याशी रोज व्हिडिओ कॉल त्यावरच करत होते. त्यावर काही बोलला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

म्हणून काल आईच्या कानावर घालून ठेवलं, की कदाचित आम्ही दोघं येऊ, जरा जास्त दिवस. आई म्हणाली, "जावई राहणार असतील तर वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेते, फार खडखड करतो." त्याच पंख्याखाली मी एप्रिल-मे काढले, दोन वेळा.