आईचं मत भरणारे तुम्ही कोण?

परवापासून डोकं तापलंय आणि ते उतरायला तयार नाही. समोर जिवंत माणूस बसलेलं असताना त्याचं मत दुसऱ्याच्या तोंडून भरून घ्यायचं आणि वर त्याला सर्व्हे म्हणायचं!

आई ओट्यावर बसून बाजेवर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, राखत होती. पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. 'आज लोकसभेची निवडणूक झाली तर' अशी सुरुवात. आधी माझं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, घरातलं साठीच्या पुढचं कोणी हवंय, बायकांमधलं. म्हटलं या काय बसल्यात, विचार. वय? आई म्हणाली, त्र्याऐंशी. त्यानं मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, आजींचं तुम्हीच सांगा ना, लवकर होईल."

आजींचं तुम्हीच सांगा!

आई शांतपणे अहिराणीत म्हणाली, "माले इचार ना भो. मी बठेल शे ना आठे." मला विचार ना, मी बसलेय ना इथे.

तेव्हा कुठे त्यानं एक प्रश्न विचारला, तोही एका दमात, पाठ केल्यासारखा. "आपल्या मते देशासमोरील सर्वांत महत्त्वाची समस्या कोणती?" आई विचार करून बोलणारी बाई आहे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं इथून तिनं सुरुवात केली, मग भावासाठी थांबून घरात पडलेला कापूस, मग आयटीआय करून चाकणला ठेकेदाराकडे राबणारा नातू. एक एक गोष्ट तिनं नीट मांडली. पोरगा तिच्याकडे बघतही नव्हता. टॅबवर पर्यायांची यादी होती, त्यातल्या 'महागाई'वर बोट ठेवलं आणि पुढे सरकला. मागच्या लोकसभेला मत कोणाला दिलं हा प्रश्न तर त्यानं तोंडानं उच्चारलाच नाही, आपल्या मनानंच एक चिन्ह दाबून टाकलं. मी वाकून बघत होतो. म्हटलं, हे काय केलंस? तर म्हणे, "वयस्कर लोकांचं ठरलेलंच असतं दादा, सगळीकडे तेच येतंय." एवढं करून मोबाइल काढला आणि तिचा फोटो घ्यायला निघाला, लोकेशनसकट, मुलाखत घेतल्याचा पुरावा म्हणून. मी त्याला ओट्यावरून खाली उतरवलं. त्याच्याकडून वरच्या माणसाचा नंबर घेतला, फोन लावला. फॉर्म सबमिट झालाय, आता काढता येणार नाही, एवढं सांगून त्या माणसानं फोन ठेवला.

म्हणजे माझ्या आईनं न दिलेलं उत्तर आता तिच्या नावावर कायमचं बसलं. आणि ते एकटं बसत नाही, हे जास्त जिवाला लागतं. या सर्व्हेंमध्ये म्हाताऱ्या बायका नेहमीच कमी सापडतात. मग लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याशी आकडा जुळवायला जेवढ्या सापडल्या त्यांच्या उत्तरांचं वजन वाढवतात. ही पद्धत चुकीची नाही, पण त्यासाठी मुळातलं उत्तर खरं असावं लागतं. इथे एका पोरानं मनानं दाबलेलं बटण, त्याला आणखी चार जणींचं वजन, आणि मग रात्री नऊ वाजता पडद्यावर पट्टी: ज्येष्ठ महिलांचा कल अमक्याकडे.

ठरलेलं असतं म्हणे. माझ्या आईनं पहिलं मत दिलं 1967 साली. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं. लोकसभा आणि विधानसभा एकत्रच व्हायच्या. दोन मतपत्रिका हातात दिल्या होत्या आणि शिक्का मारताना हात थरथरला होता, हे ती अजून सांगते. बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं, ते गेलं, हात आला, कमळ आलं, शिक्का जाऊन यंत्र आलं. या सगळ्यातून ही बाई एकही लोकसभा न चुकवता आली आहे. आणि कोणाला मत दिलं हे तिनं आप्पांना कधी सांगितलं नाही, मला आजतागायत सांगितलेलं नाही. घरात आप्पा एका पक्षाचे कट्टर, पोलिंग एजंट म्हणून बसणारे. त्यांनी विचारलं की ती म्हणायची, "मत ते मनं शे", मत तर माझं आहे. ज्या बाईनं नवऱ्याला कळू दिलं नाही, तिचं ठरलेलं मत टॅबवाल्याला माहीत!

वयानुसार मतांचे रंगीत गोल दाखवताना हे लोक असा आव आणतात की जणू निवडणूक आयोगाची मोहर आहे. अरे, कोणत्या वयाच्या माणसानं कोणाला मत दिलं हे आयोगालाही माहीत नसतं. केंद्रावरच्या 17-अ नोंदवहीत मतदाराचा यादीतला अनुक्रमांक आणि सही किंवा अंगठा असतो. यंत्रात फक्त मत, त्याला ना नाव ना वय. म्हणून वयाबद्दल जे काही कळतं ते माणसाला विचारूनच कळतं. दुसरी वाटच नाही. मतदार यादीतून नावं काढून घरी जाणारे, बाजूला नेऊन हातात नकली मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकायला लावणारे अभ्यासक या देशात आहेत. मतदान झाल्यावर ते हे काम करतात, त्याला वेळ लागतो, माणसं लागतात. ते परवडत नसेल तर वयाचा गोल दाखवू नका.

13 मे 2024. आमच्या जळगाव मतदारसंघाचं मतदान. खानदेशातला मे म्हणजे काय हे इथल्या कोणाला सांगायला नको, सकाळी नऊलाच पत्रे तापतात. आई तेव्हा एक्क्याऐंशीची. घरून मतदानाची सोय आधी 80 वर्षांवरच्यांना होती. लोकसभेच्या तोंडावर, मार्च 2024 मध्ये, ती मर्यादा 85 केली. का, तर 80 वर्षांवरचे बहुतेक जण केंद्रावर येऊनच मतदान करतात. म्हणजे ही माणसं उन्हातान्हात हट्टानं येतात, म्हणून त्यांची सोय काढून घ्यायची! आई गेली, पदर डोक्यावरून घेऊन, गुडघा धरत धरत, आणि रांगेत उभी राहिली. ज्येष्ठांना पुढे सोडायचं असतं हे तिथल्या कोणालाही आठवलं नाही, मी भांडल्यावर आठवलं. पायरीशी रॅम्पच्या नावाखाली एक हलती फळी होती. या मतदानाला कोणी 'सवयीचं मतदान' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. 85 वर्षांवरचे 82 लाख मतदार होते त्या वेळच्या यादीत, शंभरी ओलांडलेले 2 लाखांच्या वर. यांच्याशी कोण बोललं?

आणि ते विधानसभेनंतरचं चर्चासत्र मी विसरलेलो नाही. कोट घातलेला एक माणूस सांगत होता की गावातल्या म्हाताऱ्या बायका दीड हजारावर फिरल्या. अहो, लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा 21 ते 65 आहे. माझ्या आईला, तिच्या वयाच्या कुठल्याच बाईला, त्यातला एक रुपया मिळत नाही. योजनेत बसत नाही म्हणून बाहेर, आणि मत विकलं म्हणून बदनामीत मात्र सगळ्यात पुढे! त्या माणसाला समोरच्या एकानंही टोकलं नाही.

तरुणांच्या बाबतीतही हीच तऱ्हा. वय 21 चं 18 केलं 61व्या घटनादुरुस्तीनं, 1989 च्या लोकसभेला ही पोरं पहिल्यांदा मतदानाला आली. 2024 च्या यादीत 18-19 वयाचे जेमतेम 1.8 कोटी मतदार होते आणि त्या वयाची पोरं देशात त्याच्या दुपटीहून जास्त. लगेच शहाणे बोलायला मोकळे, तरुण उदासीन, तरुणांना मोबाइलमधून वेळ नाही. आमच्याकडे येऊन बघा ही पोरं आहेत कुठे. नाव अमळनेर, पारोळा, साक्री, शिरपूरच्या यादीत आणि माणूस सुरतेच्या कापडाच्या कारखान्यात, नाहीतर चाकणला, नाहीतर नाशिकच्या सातपूरला. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135-ब सांगतं. पण सुरतेत 2024 ला उमेदवार बिनविरोध निवडून आला, तिथे मतदानच झालं नाही. तिथल्या मालकाला जळगावच्या 13 मेचं काय पडलंय? चाकणला सुट्टी होती, पण एका दिवसात तिथून गावाला येऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कसं उभं राहायचं? माझा पुतण्या आला नाही, ठेकेदारानं सांगितलं होतं की गेलास तर परत येऊ नकोस. त्याचं न आलेलं मत 'युवकांची निराशा' म्हणून कुठल्या तरी तक्त्यात गेलं. पोटासाठी लांब गेला, हा रकाना त्यांच्याकडे नाही. नंदुरबारच्या सातपुड्यातली माणसं गुजरातेत मजुरीला गेलेली असतात, त्यांचं तर कोणी नावही काढत नाही.

फोनवरचे सर्व्हे आणखी वेगळा छळ. ऐन दुपारी, नाहीतर शेतात लाइट आल्यावर मोटार चालू करायची धावपळ असते तेव्हा, रेकॉर्ड केलेला आवाज सुरू: अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आमच्याकडे कितीतरी घरांत सासूचा मोबाइल म्हणजे मुलाचा जुना मोबाइल, आणि तो बहुतेक वेळ मुलाच्याच खिशात. एक दाबतो तो मुलगा आणि नोंद होते साठीवरच्या बाईची.

एवढं सगळं करून हाती काय लागतं? 2004 ला सरकार परत येणार असं बहुतेक सगळे सांगत होते, सरकार गेलं. 1 जून 2024 च्या संध्याकाळी एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे, कोणी चारशेपर्यंत नेऊन ठेवलं. 4 जूनला आकडा आला 293. महाराष्ट्रात महाविकास आघाडीच्या 30 आणि महायुतीच्या 17 जागा निघाल्या. शेजारचं धुळं बघा. भाजपचा उमेदवार सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे, एकट्या मालेगाव मध्यनं सगळा हिशोब फिरवला आणि काँग्रेस 3,831 मतांनी निवडून आली. एखाद-दोन मोठ्या गावांत जमली असती एवढी मतं! ओट्यावर न विचारता दाबलेल्या बटणांवरून ही लढत तुम्हाला कळणार होती?

त्या पोराचा मला तेवढा राग नाही. फॉर्ममागे पैसे मिळतात, दिवसाचे इतके भरलेच पाहिजेत, असं तो उतरता उतरता म्हणाला. राग आहे तो वातानुकूलित खोलीत बसून त्याला ही घाई लावणाऱ्यांचा आणि त्याच आकड्यांवर तासभर घसा फोडणाऱ्यांचा. मला त्यांच्याकडून एवढंच पाहिजे. साठीवरच्या किती बायकांना स्वतः विचारलं, किती जणींच्या वतीनं घरच्या पुरुषानं सांगितलं, किती फॉर्म दुसऱ्या माणसानं परत जाऊन तपासले, हे प्रत्येक आकड्याखाली छापा. कोणत्या बोलीत विचारलं तेही छापा. खानदेशात येताय तर अहिराणी समजणारा माणूस पाठवा, यावल-रावेरकडे लेवा बोली समजणारा, अक्राणी-अक्कलकुव्याला भिली आणि पावरी समजणारा. नर्मदाकाठच्या मणिबेलीला मतदानाचं साहित्य बोटीतून जातं, तसे तुम्हीही बोटीत बसा. हे जमत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार या आमच्या तीन जिल्ह्यांच्या नावावर एकही आकडा सांगायचा नाही.